तीनशे वीसचा पाहुणा

६ जानेवारी, सोमवार

नाही मावत! काय वाट्टेल ते केलं तरी मांडवगण्यांचं झाड फोनवर मावत नाही. नऊ पिढ्या, दोनशे चौदा माणसं आणि पडदा टीचभर. अक्षरं बारीक केली की मुंग्या दिसतात. मोठी केली की मूळपुरुष एका टोकाला आणि आमची पिढी पार पडद्याबाहेर.

दिवसभर धुकं. ऑफिसात बसून बोटं गारठली. ऑफिस कसलं, सदर बाजारात शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, तिथे बसून मी लोकांच्या वेबसाइट करते. दुपारी कोचिंगवाले भैयाजी येऊन तासभर डोकं खाऊन गेले. "मैडम, टॉपर का फोटो और बड़ा." किती मोठा? "बस, खुलते ही वही दिखे." केला. आता त्यांच्या पानावर दुसरं काही दिसतच नाही, पण ते खूश.

संध्याकाळी घरी आले तर गोविंदकाका आईसमोर चहा घेत बसलेले. बाबांचे थोरले भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर. कुलवृत्तांत समितीचे अध्यक्ष तेच, चिटणीस तेच आणि समितीही तेच. वसंत पंचमीला, म्हणजे दोन फेब्रुवारीला, कुळसंमेलन. ग्वाल्हेर, सागर, इंदूरची माणसं येणार आणि त्यांच्यासमोर माझ्या या पानाचं उद्घाटन. "किती दिवस लागतात गं एका पानाला? सत्त्याऐंशी साली अख्खं पुस्तक छापून आणलं होतं मी!" आणलं होतंत काका. पण पुस्तकाच्या पानाला एकच रुंदी असते. हे मनात. तोंडाने म्हटलं, होईल.

७ जानेवारी

सकाळी अमितने पुण्याहून फोटो धाडला. अमित म्हणजे काकांचा मुलगा. त्याच्या टेबलावर पाटाएवढा मॉनिटर आहे आणि त्यावर आमचं झाड मधोमध बारीक पट्टीत उभं, दोन्ही बाजूंना ओसाड माळरान. "जरा पसरव ना!" पसरवलं तर ओळी इतक्या लांब होतात की वाचता वाचता मान फिरवावी लागते. शेवटी ठरवलं, बाराशे पिक्सेलच्या पुढे पान वाढणार नाही. पडदा कितीही मोठा असो. अमितने माळरान सोसावं.

८ जानेवारी

काल संमेलनाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पानाचा पत्ता टाकला होता. आज कोण कुठल्या पडद्यावर बघतंय ते काढलं. पान उघडलं की त्या पडद्याची रुंदी आकड्यात नोंदली जाते. लॅपटॉपवाले चार. एक टॅबलेट, ८००. बाकी सगळे फोन: ३६०, ३९०, ४१२. ४१२ म्हणजे काका. दिवाळीत अमितने त्यांना ताटाएवढा फोन दिलाय, मीच सुरू करून दिला होता. दिवसातून पाच वेळा उघडून बघतात.

म्हणजे सगळं घोडं फोनवरच अडलंय. रात्री जेवायच्या आधी निर्णय घेऊन टाकला. मोठ्या पडद्यावर पूर्ण झाड. टॅबलेटवर पाच पिढ्या. आणि फोनवर फक्त मुलगे. लेकींच्या फांद्या गाळल्या की झाड निम्म्याने अरुंद होतं आणि बरोबर बसतं! खाली एक ओळ टाकली: "संपूर्ण वंशवृक्ष मोठ्या पडद्यावर पाहावा."

काकांना दाखवलं. एकदम पसंत. "छापील पुस्तकातही लेकी मागे परिशिष्टातच होत्या."

माझी तन्वी फोन हातात घेऊन बघत होती. पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच. "मम्मी, इसमें तो आप ही नहीं हो."

नाहीये खरंच. बाबांना मुलगा नाही, म्हणून फोनवर बाबांची फांदी बाबांपाशीच तुटते. मीच तोडली. दमले होते.

९ जानेवारी

आज काकांनी नावांची शेवटची यादी दिली. सुंदर अक्षर, आखीव रकाने. आमच्या आजोबांच्या खाली तीन मुलं: गोविंद, माधव (माझे बाबा), आणि तिसऱ्या नावावर तांबड्या शाईची रेघ.

बकुळाआत्या.

मी सात वर्षांची होते. तिने गरौठ्याच्या एका शाळामास्तरांशी लग्न केलं. बुंदेली घर, आपल्यातलं नाही. काका तेव्हा घरातले कर्ते. त्यांनी बोलणं टाकलं. काकांनी एकदा बोलणं टाकलं की टाकलं, हे आई आजही दार लावून घेऊन सांगते. घरात परत तिचं नाव निघालं नाही. गरौठा काही समुद्रापार नाही, बसने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तरी कोणी गेलं नाही.

म्हटलं, "काका, आत्याचं नाव?"

"ती ओळ आपल्याकडे नाही."

"पुस्तकात होती."

"पुस्तकात होती तेव्हा ती या घरात होती."

संपलं. पुढे विचारायची छाती झाली नाही. आणि बाबा? दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात, नळ्या लावलेल्या असताना, माझा हात धरून म्हणाले होते, "नवं झाड करशील तेव्हा बकुळा राहता कामा नये." मी हो म्हटलं होतं. हो म्हणायला काय जातं!

१० जानेवारी

केलं!

सोपं होतं. लेकी फोनवर दिसतच नाहीत. काका फोनशिवाय कशावर बघतच नाहीत. आत्याला झाडात घातलं तरी ती फक्त मोठ्या पडद्यावर दिसणार. झाकली मूठ.

बाबांच्या डायरीत एका चिठ्ठीवर तिचा नंबर होता आणि "मुलगा संकेत" एवढंच. म्हणजे बाबा बोलत होते तिच्याशी. मला सांगितलं नाही, आईलाही नाही. या घरात सगळेच चोर.

लिहिलं: बकुळा, गरौठा. मुलगा संकेत. लग्नाचं साल अंदाजाने नव्वद.

मग तिला संदेश पाठवला. "आत्या, मी ज्ञानदा, माधवची. कुळाच्या झाडात तुझं नाव घातलंय. बघ." खाली पानाचा पत्ता. दहा वेळा लिहून खोडला, अकराव्यांदा पाठवला.

उत्तर नाही.

११ जानेवारी

अमितला मॉनिटरवर दिसलंच. फोन आला. "ज्ञानदा, तू काय केलंयस?"   मग म्हणाला, "मी बघितलं नाही असं समज. आणि बाबांना कळलं तर तूच निस्तर."

धन्य! शूर मांडवगणे मराठी फौजेबरोबर इथे उत्तरेत आले म्हणे.

१३ जानेवारी

काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजवा डोळा. काळा चष्मा लावून ऐटीत घरी आले. डॉक्टरांनी थेंब लिहून दिलेत, दिवसातून चारदा. दुपारी चारचा थेंब तन्वी शाळेतून येताना घालणार.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या मिश्राइनने खिचडी धाडली, आईने तिळगूळ. काका म्हणाले, "गोड बोला." मी बोलले. 

१६ जानेवारी

४१२ येईनासा झालाय. डोळा! चला, तेवढीच सुटका.

पण एक नवा पाहुणा आहे. ३२०. कालपासून. एवढा अरुंद पडदा आता कोणाचा असतो? दहा वर्षांपूर्वीचे फोन तसले. मी तर त्या रुंदीवर पान तपासलंही नाही, सोडून दिलं होतं, कोण बघणार म्हणून. कुठून येतो ते फक्त "उत्तर प्रदेश" एवढंच दिसतं.

१८ जानेवारी

३२० पुन्हा. चार वाजून दहा मिनिटांनी. बारा मिनिटं होता. आजोबांची फांदी उघडली, मिटली, परत उघडली.

१९ जानेवारी

आज साडेचार वाजता. नऊ मिनिटं. तीच फांदी.

मला एकदम कळलं. ती आत्या आहे.

खेडेगावातला जुना छोटा फोन. दुपारची कामं उरकून बसते आणि आपलं नाव शोधते. आणि तिथे काय दिसतं? गोविंद. माधव. बस्स. मी तिला लिहिलं, नाव घातलंय, बघ. ती रोज बघतेय. नाव नाही. तिला वाटत असेल, पोरीने थट्टा केली. किंवा आपल्याला आशा लावून दादाने परत खोडलं.

चौतीस-पस्तीस वर्षांनी तिला दार उघडून दाखवलं आणि आतून कडी घातली. मी. अशी लाज मला आजवर वाटली नव्हती.

२० जानेवारी

तिला फोन करावा. नंबर काढला, ठेवला. काय सांगू? "आत्या, तुझं नाव आहे, पण तुझ्या फोनवर दिसायचं नाही, काकांना दिसू नये म्हणून"? असं नाव असून काय उपयोग?

२१ जानेवारी

३२०. चौदा मिनिटं.

भैयाजींना आता टॉपरच्या आईवडिलांचाही फोटो हवाय.

२२ जानेवारी

फोनवर लेकी दाखवल्या तर काकांनाही दिसणार. दिसल्या की बोलणं टाकणार. संमेलन मोडतील, ते चालेल, पण काका नसलेलं घर मला माहीत नाही. माझ्या नवऱ्याची, जयसिंगची, बदली होते तेव्हा, म्हणजे तीन वर्षांतून दोन वर्षं, माझ्या घरचा पुरुष म्हणून काकाच असतात. गॅसपासून तन्वीच्या शाळेपर्यंत. रोज सकाळी दोन गल्ल्या ओलांडून खंडेराव गेटवरून दूध घेऊन येतात आणि आईला विचारतात, "पोरगी उठली का?" पोरगी म्हणजे मी. एकेचाळीस वर्षांची.

हे सगळं आत्याचंही होतं. तिला कसं वाटलं असेल!

२४ जानेवारी

अमितला विचारलं. "संमेलन होऊ दे, मग बघू." संमेलनानंतर होळी, होळीनंतर अमुक. बाबाही असंच बघू बघू म्हणत गेले.

२५ जानेवारी

एक वेडपट गोष्ट केली आहे. इतक्या वर्षांत असला नियम मी कोणाच्या पानाला लावला नाही आणि दुसऱ्या कोणी लावला असता तर हसले असते.

मोठ्या पडद्यावर सगळे दिसणार. सगळ्या फोनवर फक्त मुलगे. पण पडदा ३४० पेक्षा अरुंद असेल तर पुन्हा सगळे! जगातल्या सगळ्यात बारक्या फोनवर अख्खं झाड. आडवं मावत नाही म्हणून उभं लावलंय, एकाखाली एक, बोटाने सरकवत जायचं. थोरला, मधला, आणि मग बकुळा. गरौठा. मुलगा संकेत.

आणि गंमत म्हणजे उभं झाड छान दिसतं. हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर कोणालाच गाळावं लागलं नसतं. पण मला तेव्हा सोपं हवं होतं आणि सोपं म्हणजे लेकी गाळणं.

असो. फक्त आत्याला दिसेल. काकांचा ४१२ आहे, त्यांना नाही दिसणार.

२६ जानेवारी

आला! चार वाजून वीस मिनिटांनी. सत्तेचाळीस मिनिटं!! सत्तेचाळीस मिनिटं एकाच जागी.

मी ऑफिसात एकटीच रडले. खाली शिंप्याच्या मशीनची खटखट चालू होती म्हणून बरं.

२७ जानेवारी

३२० आला नाही. बघून मन भरलं असेल. काकाही सकाळी दूध घेऊन आले नाहीत. थंडी.

२८ जानेवारी

आजही नाही. दोघंही नाहीत. आई डबा घेऊन गेली तर काकांनी दारातूनच "ठेवा" म्हटलं. डोळा दुखत असेल, असं आई म्हणते. तिच्या चेहऱ्यावर मात्र तसं नव्हतं.

२९ जानेवारी

शेवटी आत्याला फोन लावला. 

"हओ, को बोल रओ?"

"आत्या, मी ज्ञानदा."

 मग ती मराठी शोधत शोधत बोलू लागली, कपाटात ठेवलेली साडी घड्या मोडून काढावी तशी. "माधवची बिन्नू, माधवची पोरगी? केवढी... केवढी झालीस तू?" मी एकेचाळीस म्हटल्यावर हसली. बाबांसारखी हसते.

म्हटलं, "पाहिलंस ना आत्या? नाव दिसलं ना परवा?"

"कुठे गं?"

"फोनवर. तू रोज चारला बघत होतीस ना."

"अगं, माझा फोन बटनवाला आहे. त्यात कुठलं काय दिसतंय? तुझा मेसेज आला होता, पण ते खालचं इंग्रजी काय ते समजलं नाही. संकेत होळीला यायचा, त्याला विचारीन म्हटलं."

मग पुष्कळ बोलली, मला काही ऐकू आलं नाही. दादा कसा आहे, एवढं शेवटी विचारलं. डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हटलं. "थेंब वेळेवर घालतो ना? लहानपणापासून हेळसांड त्याची."

फोन ठेवला. मग ३२० कोण?

तन्वी अभ्यास करत होती. तिला म्हटलं, आबांचा, म्हणजे काकांचा, फोन कुठलाय, तोच ना मोठा? मान वर न करता म्हणाली, "हाँ, वही. ऑपरेशन के बाद छोटा दिखता था उनको, तो मैंने सब बड़ा कर दिया. फ़ुल. ड्रॉप डालने के बाद रोज़ हमारी साइट खोलते हैं."

सगळं मोठं केलं की फोनचा पडदा स्वतःला अरुंद समजायला लागतो. ४१२ चा ३२० होतो. हे मला माहीत आहे. पंधरा वर्षं हेच काम करते मी! अरुंद पडदा म्हटल्याबरोबर मला खेडं दिसलं, गरिबी दिसली. दोन गल्ल्यांवरचा काळा चष्मा दिसला नाही.

ज्यांच्यापासून लपवायचं, नेमकं त्यांनाच दाखवलं. अख्ख्या कुळात फोनवर दिसलं ते फक्त काकांना.

३० जानेवारी

गेले होते. दार उघडलं, बघितलं, आत गेले. मी ओसरीवर अर्धा तास उभी. आतून कपाटाचा, पेट्या सरकवल्याचा आवाज. बोलले नाहीत.

आई म्हणते, "मी सांगितलं होतं." तिने काहीच सांगितलं नव्हतं. अमित फोन उचलत नाही.

नाव काढून टाकू का? दोन मिनिटांचं काम. दोनदा तिथपर्यंत गेले. नाही काढलं. बाबांसाठी नाही, आता. तिने थेंबांचं विचारलं म्हणून. राहू दे. आता मलाही गाळा म्हणावं. तसंही मी फोनवर नाहीच आहे.

फार दमले.

३१ जानेवारी

सकाळी साडेसहा. काका दूध घेऊन आले. टेबलावर एक जुना, घड्यांवर फाटत आलेला कागद ठेवला. त्यांचंच अक्षर. "बकुळा, विवाह १९९१. संकेत, १९९३. अक्षदा, १९९८." तीन ओळी, तीन वेगवेगळ्या शाया.

"साल चुकलंय तुझं. आणि धाकटी राहिली."

 ते दाराकडे वळले, चष्मा काढून पुसला.

"रोज बघत होतो, तिचं नाव आलं का. म्हटलं, तू तरी माझं ऐकणार नाहीस."